मग साफ कशाला करायची?

खंडेनवमीला आमच्या गावच्या घरात लोखंडाचं जे काही असेल ते अंगणात येतं. खुरपी, विळे, कोयते, कुदळ, ट्रॅक्टरचे पाने, आईचं शिवणयंत्र, आणि हल्ली फवारणीचा बॅटरीपंपसुद्धा, तो सगळा प्लास्टिकचा असला तरी. आप्पा प्रत्येक वस्तू घासतात, कोरडी करतात, तेलाचा हात फिरवतात आणि मगच आईला हळद-कुंकू लावू देतात. तेही त्यांनी बोटानं दाखवलेल्या जागीच. यंदा भाचा रजेवर होता. राष्ट्रीय रायफल्समध्ये आहे, काश्मीरला. पायरीवर बसून मोबाइल बघत होता. कोयत्याची मूठ पुसता पुसता आप्पांनी सहज विचारलं, "रायफलीचा गॅस कितीवर ठेवता रं तुम्ही?" पोराला आधी कळेचना. मग म्हणाला, "एके-47ला गॅसची चावीच नसती, आबा." आप्पांचा हात थांबला. "नसती? मग घाण धरल्यावर काय करता?" "तरी चालती की. चिखलातनं काढून मारली तरी चालती." आप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "घाण असून चालती? मग साफ कशाला करायची?"

"साहेब बघतो म्हणून!" भाचा म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो.

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कोयता बाजूला ठेवून विळा उचलला आणि पुसत राहिले. तो प्रश्न त्यांनी नातवाला विचारला होता, की कुणालाच नाही, ते मला ठरवता येईना. पुण्याला परत येतानाही तो माझ्या डोक्यात होता. घाण असूनही एखादी वस्तू नीट चालत असेल, तर ती रोज उघडून पुसणाऱ्या माणसानं आयुष्यभर नेमकं काय केलं?

आप्पा सत्तरच्या दशकाच्या शेवटी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग. त्यांच्या हातात आली ती एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. इशापूरच्या कारखान्यात बनलेली, 7.62 मिलिमीटरची, वीस गोळ्यांचं मॅगझिन आणि चार किलोंच्या वर वजन. 1962 साली नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन चिन्यांसमोर उभे होते; प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. एसएलआर त्यानंतरची. गावातले आधीच्या पिढीतले पेन्शनर आप्पांना चिडवायचे, की तुमचं काय, नुसतं बोट दाबायचं! आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं: बोट एकदा दाबायचं, आणि पुढं तासभर घासत बसायचं.

त्यात तथ्य होतं. थ्री-नॉट-थ्रीची घाण मुख्यतः नळीत आणि काडतूस जिथं बसतं त्या चेंबरमध्ये, कारण पुढचं सगळं काम माणसाचा हात करायचा. एसएलआरमध्ये ते काम गोळीमागचा गॅस करतो. दारू पेटली की गोळी नळीतून पुढे सरकते. ती एका बारीक भोकाच्या पुढे गेली की तिच्यामागच्या तापलेल्या वायूतला थोडा भाग त्या भोकातून वरच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे हाणतो. पिस्टनचा धक्का बसून मागची स्लाइड सुटते, नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा ब्रीच ब्लॉक उघडतो, काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर फेकलं जातं, आणि रिटर्न स्प्रिंग सगळ्याला परत पुढे ढकलताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये नेते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण तो वायू स्वच्छ नसतो. प्रत्येक गोळीबरोबर थोडी काजळी सिलिंडरच्या भिंतीवर, पिस्टनच्या टोकावर, सिलिंडरचं पुढचं तोंड बंद करणाऱ्या गॅस प्लगच्या आत बसत जाते. ज्याच्या जोरावर रायफल चालते त्याच्यानंच ती आतून भरत जाते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा विचित्र वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आणि म्हणून ती चावी. लहानपणी मी विचारलं होतं, की गॅस जास्त झाला तर बंदूक फुटणार नाही का? तेव्हा आप्पांनी मला पाटाचं उदाहरण दिलं होतं. पाटाला पाणी जास्त आलं की बाजूचं दार थोडं उघडून ओढ्याला सोडायचं, उरलेलं रानात जातं. दार जितकं उघडं तितकं रानातलं पाणी कमी. एसएलआरचा रेग्युलेटर तसाच. सिलिंडरच्या तोंडाशी एक भोक आहे, रेग्युलेटर फिरवला की ते कमी-जास्त उघडतं आणि जास्तीचा गॅस बाहेर सोडून देतं. रेंजवर आधी ते बरंच उघडं ठेवायचं. गॅस कमी पडला की खोकं नीट बाहेर पडत नाही, पुढची गोळी चढत नाही. मग एकेक खाच बंद करत जायचं. खोकी व्यवस्थित उडायला लागली की वर एक-दोन खाचा जास्त, थंडीसाठी आणि घाणीसाठी. त्याहून जास्त बंद केलं तर खोकं लांब जाऊन पडतं, खांदा सडकून निघतो आणि आतले पुर्जे लवकर झिजतात. उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, म्हणे रिक्रूटच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, खोकी कुठं पडतायत तिकडं बघायचे. आणि एक गोष्ट आप्पा दर वेळी सांगायचे: झिरो माणसाचा असतो, गॅस रायफलीचा. म्हणजे साइट ज्याच्या-त्याच्या डोळ्याला, खांद्याला लावून घ्यावी लागते, पण गॅस किती हवा ते त्या त्या रायफलीचं अंगचं असतं. ती कुणाच्याही हातात गेली तरी.

फायरिंगवरून आल्यावरचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथं बसले होते असं वाटतं. मैदानात तिरपाल अंथरलेलं. पोरं ओळीनं बसलेली, बनियनवर. आधी मॅगझिन काढायचं, कॉकिंग हँडल ओढून चेंबर बघायचं, डोळ्यानं आणि मग बोट घालून, कारण डोळ्यावर भरवसा नाही. मग कळ दाबली की रायफल बिजागरीतून मोडल्यासारखी उघडते. वरचं कव्हर मागे सरकवून काढायचं, लांब शेपटीची स्लाइड बाहेर ओढायची, तिच्यातून ब्रीच ब्लॉक वेगळा करायचा. सगळं डावीकडून उजवीकडे, काढलं त्या क्रमानं, जोडताना उलट. शेवटी पुढचा गॅस प्लग. तो दाबून फिरवला की आतला पिस्टन स्प्रिंगच्या जोरानं टुणकन बाहेर उडी मारतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणातरी पोराच्या कपाळावर बसतो. पिस्टन हातात आला की वास येतो. जळक्या दारूचा, त्यात थोडा सडक्या अंड्यासारखा, आणि त्याच्याखाली तेलाचा. हा वास आप्पा रजेवर येत तेव्हा त्यांच्या ट्रंकेतल्या रुमालांनाही असायचा. आई ते रुमाल वेगळे उकळायची. मला तो वास आवडायचा हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग चिंदी. चार बाय दोन इंचांचा फलालीनचा तुकडा, पुलथ्रूच्या दोरीच्या फासात घालायचा. जवानांच्या तोंडी त्या पुलथ्रूचं 'फुलथ्रू' झालेलं. दोरीचं वजन मागून नळीत सोडायचं आणि पुढून एका दमात सरळ ओढायचं. मध्ये थांबायचं नाही, आणि दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही, कारण दोरीनंसुद्धा लोखंड झिजतं आणि ती कड झिजली की निशाणा गेला. पहिली चिंदी काळी येते. मग राखाडी, मग पिवळसर. पांढरी सहजासहजी येत नाही. एखाद्याची लगेच पांढरी आली तर उस्ताद संशय घ्यायचे, की यानं चिंदी नळीतून काढली की खिशातून! नळी नुसती पुसून भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती परत ओलसर काळपट दिसायची. नळीला घाम येतो, असं म्हणायचे. म्हणून फायरिंगनंतर सलग काही दिवस तेच.

नव्या पोरांना तेलाचा फार सोस. चकचकीत दिसलं की साफ, असा त्यांचा समज. तेलाची बाटली उलटी करायची आणि सगळं न्हाऊन काढायचं. उस्तादांचा सगळ्यात जास्त मार त्यावर. जे सरकतं, घासतं, त्याला तेल. स्लाइडला, ब्लॉकला, खाचांना, तेही बोटाला लागेल-न लागेल एवढं. पण पिस्टन, सिलिंडर आणि गॅस प्लग मात्र ठणठणीत कोरडे. तिथं तेल राहिलं तर पहिल्या दोन-चार गोळ्यांत ते जळतं, त्याचा कोळसा होतो आणि काजळीवर थर चढतो. जिथून आग जाते तिथं तेल लावायचं नाही. एवढं साधं आहे, पण चकचकीत करायची सवय लागलेल्या हाताला ते पटायला वेळ लागतो.

तपासणीच्या वेळी अंगठ्याचं नख कामाला येतं. ब्रीच उघडी ठेवायची, अंगठा असा आत धरायचा की नखावर उजेड पडेल आणि तो परावर्तित होऊन नळीत जाईल. साहेब पुढून नळीत डोळा लावतो. नळीतले पीळ शेवटपर्यंत चमकत दिसले पाहिजेत. एवढ्यासाठी नख कापलेलं आणि स्वच्छ हवं. आप्पा आजही सकाळी आधी अंगठ्याचं नख बघतात. आई म्हणते, "आता कोण डोळा लावणाराय तुमच्या बंदुकीला?"

पुण्यात आल्यावर मी वाचायला बसले. भाच्याचं म्हणणं खरं आहे का, एवढंच बघायचं होतं. आणि वाचता वाचता पार व्हिएतनामला पोचले.

एम-16 ही अमेरिकी रायफल साठच्या दशकाच्या मध्यावर व्हिएतनाममध्ये सैनिकांच्या हातात गेली. तिच्यात गॅसची योजना आणखी वेगळी. पिस्टन नाहीच. एका बारीक नळीतून वायू थेट मागे, बोल्ट ज्या वाहकात बसतो त्याच्यातच सोडायचा. वजन कमी, पुर्जे कमी. पण म्हणजे एसएलआरमध्ये जी काजळी पुढच्या सिलिंडरमध्ये अडकून राहते, ती इथं थेट रायफलीच्या पोटात. आणि तरीही ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समज सैन्यात पसरला. साफ करायचे किट पुरेसे पोचलेच नाहीत. मधल्या काळात काडतुसांतली दारू बदलली गेली, ती जास्त घाण करत होती आणि रायफल ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवत होती. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. त्या दमट हवेत चेंबर गंजून खडबडीत व्हायचा आणि उडालेलं खोकं आतच चिकटून बसायचं. मग काय करायचं? पुढून नळीत सळई घालून ते ठोकून बाहेर काढायचं, समोरून गोळ्या येत असताना, आणि ती सळईही प्रत्येकाकडे नव्हती. अडकलेली रायफल आणि सळई शेजारी असलेली प्रेतं सापडल्याच्या हकिगती घरी गेलेल्या पत्रांतून, वर्तमानपत्रांतून बाहेर आल्या. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आला, किट आले, आणि 1968 मध्ये सैन्यानं चित्रकथेच्या रूपात एक पुस्तिका छापून वाटली. वीस वर्षांच्या पोरांनी वाचावी म्हणून. रायफल कशी उघडायची, कुठं पुसायची.

मला त्यात एक गोष्ट फार झोंबली. रायफल वाईट होती असं नाही. थोड्या बदलांनंतर तीच पुढे कित्येक दशकं चालली. पण कुणीतरी, कुठंतरी, खुर्चीत बसून ठरवलं होतं की साफ करायची गरज नाही. आणि ज्याला ती उघडून बघायची सवयच लावलेली नाही त्याला बिघाड कळला तो गोळी सुटेनाशी झाल्यावर. 'मग साफ कशाला करायची' याचं एक उत्तर मला तिथं मिळालं. आप्पांना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिथं उस्ताद नव्हते का?"

एकेचं प्रकरण उलट. ती बनवणाऱ्या कलाश्निकोव्हनं चिखल, वाळू आणि आळशी शिपाई हे सगळं गृहीत धरलंय. पिस्टन बोल्टच्या वाहकालाच जोडलेला, तो पूर्ण अंतर मागे जातो, जड असतो, आणि गॅसही सढळ हातानं दिलेला. हलणाऱ्या पुर्ज्यांमध्ये मोकळी जागा ठेवलेली, म्हणजे काजळीला, रेतीला तिथं पडून राहायला वाव मिळतो आणि काम अडत नाही. चावी नाही, कारण कायमच जास्त गॅस. त्याची किंमत अचूकपणात थोडी मोजावी लागते, ती मोजायची असं ठरवूनच केलंय. भाच्यानं नंतर व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर मला नुसत्या हातवाऱ्यांनी दाखवलं कशी खोलतात ते. कव्हर, स्प्रिंग, वाहक, बोल्ट, वरची गॅस ट्यूब, संपलं. नळीत सळई मात्र पुढून, तोंडाकडून घालावी लागते, कारण मागून सरळ जागा नाही. कड झिजू नये म्हणून किटच्या डबीचं झाकण तोंडावर बसवून त्याच्या भोकातून सळई चालवतात. हे आप्पांना सांगितल्यावर ते बराच वेळ "तोंडाकडनं?" एवढंच म्हणत होते. पण भाचा पुढे म्हणाला ते महत्त्वाचं. "आत्या, काजळीचं काय नाय. गंजाचं बघायला लागतं. बर्फातनं आत गरम बरॅकीत आणली की तिला पाणी सुटतं. ते आतल्या आत राहिलं की खेळ खलास." म्हणजे हसण्यावारी नेलं तरी पोरगं पुसतं. साहेब बघतो म्हणून की कशासाठी, ते त्यालाही नेमकं सांगता येईल असं वाटत नाही.

मधली इन्सास रायफल मी जवळजवळ विसरलेच. आप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ती आली. 5.56 ची, आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या शस्त्र-संशोधन संस्थेत आखलेली. मी कित्येकदा त्या फाटकावरून जाते आणि आत काय चालतं याचा विचारही करत नाही. तिच्यात एकेसारखी आतली चाल आणि एसएलआरसारखा गॅसचा रेग्युलेटर, असा दोन घराण्यांचा संसार आहे. 1999 च्या कारगिलनंतर तिच्याबद्दल बातम्या आल्या: थंडीत प्लास्टिकची मॅगझिनं तडकतात, फायर करताना तेल डोळ्यात उडतं. आप्पा तिच्याविषयी फारसं बोलत नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, की हलकी होती, बरी होती. जावई बरा आहे म्हणावं त्या सुरात.

आता एक बाजू मला सांगितलीच पाहिजे, कारण ती आप्पांनीच सांगितलीय. सफाई सगळी रायफलीसाठी नसते. तीस पोरं रिकामी बसली की भांडतात, घरच्या आठवणी काढतात, पत्ते काढतात. हातात चिंदी दिली की दोन तास जातात. "निम्मी सफाई माणसांची असती," ते म्हणाले होते, आणि तेव्हा त्यांच्या बोलण्यात कौतुक नव्हतं. स्वच्छ रायफल परत साफ करायला लावणं ही शिक्षाही असायची. एखाद्या साहेबाला कुणी खुपत असला की त्याची चिंदी कधीच पांढरी व्हायची नाही. या सगळ्या कर्मकांडाकडे मी भारावून बघते तेव्हा मला स्वतःचाच थोडा संशय येतो. शेवटी माणूस मारायचं यंत्र आहे ते. आप्पांची बोटं विळ्यावरून फिरतात तेव्हा मला बरं वाटतं, आणि त्याच बोटांना ती सवय कुठून लागली हे आठवलं की तितकं बरं वाटत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी आहेत. त्यांचा निकाल लावायचा मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला.

निवृत्तीनंतर आप्पा बँकेत गार्ड होते. आमच्या भागातल्या पेन्शनरांचा ठरलेला रस्ता: परवाना काढायचा, बारा बोअरची दुनळी घ्यायची आणि बँकेच्या दारात स्टुलावर बसायचं. त्या दुनळीत गॅस नाही, पिस्टन नाही, काही नाही; मोडायची, दोन काडतुसं घालायची, बंद करायची. आप्पांना ती कधी पुरी पडली नाही. पुसून पुसून पुसायचं किती? बँकेतली नोकरी संपल्यावरही ती घरात राहिली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशी तीही गेली. परत आली तेव्हा नळ्यांवर तांबूस पुरळ उठलं होतं. ओल्या भिंतीला टेकवून ठेवली असावी. आप्पांनी पावती दिली, सही केली, कुणाला एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन रात्री जेवणाआधी तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या. हाताखाली चालेल असं काम मिळाल्यासारखे ते काही दिवस खुशीत होते, असं आईचं मत.

त्याच दिवसांत कधीतरी त्यांनी मला श्रीलंकेतल्या जाफन्याचं सांगितलं. त्याआधी नाही सांगितलं, त्यानंतरही नाही.

1987 च्या ऑक्टोबरात भारताची शांतिसेना जाफन्यात तमिळ वाघांशी लढत होती आणि मराठा लाइट इन्फंट्रीही तिथं होती. समोरच्या पोरांच्या हातात एके, आपल्या हातात एसएलआर. एक घोडा दाबला की एक गोळी. लाल माती, ताडाची झाडं, आणि समुद्राची खारी हवा. सकाळी पुसलेल्या लोखंडावर संध्याकाळी तांबूस झाक. सगळ्यांनी एकदम रायफल उघडायची नाही. दोघांतला एक उघडून बसतो, दुसरा भरलेली घेऊन त्याच्याकडे पाठ करून. असं रोज. एका दिवशी त्यांच्या सेक्शनमधला एक जण जखमी होऊन मागं गेला आणि त्याची रायफल राहिली. संध्याकाळी ती आप्पांच्या पुढ्यात आली, कारण कुणीतरी ती साफ करायची होती. आप्पा त्या वेळी त्याच्यापासून लांब होते, भिंतीच्या पलीकडे. तिथं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

"प्लग काढला," आप्पा म्हणाले, "तर पिस्टन बाहीर येईना." एरवी कपाळावर उडी मारणारा पिस्टन आत रुतून बसला होता. हलवून हलवून काढला तर त्याच्या टोकावर काजळीचं जाड कवच, नखानं खरवडलं तर पापुद्रे निघतील असं. सिलिंडरमध्येही तेच. चावी बघितली तर पार बंद. म्हणजे रायफल मंदावायला लागल्यावर त्यानं गॅस वाढवला होता. पडल्या पडल्या, घाईत, एकेक खाच करत, शेवटपर्यंत. गोळ्या किती उडाल्या, किती वेळ तो एकटा होता, हे आप्पांना त्या पिस्टनवरून कळलं. कुणी सांगितलं नाही आणि नंतर कुठं लिहिलंही गेलं नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? ते म्हणाले, "काय करणार? साफ केली."

खरवडून, पुसून, चिंद्यांवर चिंद्या. जे काही तिथं दिसत होतं ते सगळं काळ्या तुकड्यांवर आलं आणि ते तुकडे आप्पांनी जाळले. मी गप्प बसले, तेव्हा त्यांना वाटलं मला पुढचं ऐकायचंय, म्हणून पुढचंही सांगितलं. तो माणूस जगला. पुढे पलटणीत परत आला नाही, पण जगला. चावी आप्पांनी मागे फिरवून तिच्या मूळ खुणेवर आणली. बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा रायफलीचा नंबर, तोच राहिला आणि रायफल मागून आलेल्या एका नव्या पोराला मिळाली. त्यानं साइट आपल्या डोळ्याला लावून घेतली, गॅसला हात लावायची गरज पडली नाही. फक्त त्या रायफलीबरोबरचं एक मॅगझिन कमी भरलं. ते कुठं पडलं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची चौकशी मात्र बरेच दिवस चालली. कागद निघाले, साक्षी झाल्या, आप्पांनाही बोलावून विचारलं गेलं, की रायफल ताब्यात घेताना मॅगझिनं मोजली होती का. मोजली होती, असं ते म्हणाले. कमी होतं, तेव्हाच सांगितलं होतं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली सही करायला सांगितली.